वाळूचा फाटा

त्या गावात कुणी कुणाला 'काय करतोस?' असं विचारत नसे. 'कुठे असतोस?' असं विचारत. उत्तरही एका शब्दाचं असे: शेडला, पार्सलला, दिवाबत्तीला, गाडीवर. रेल्वे सोडून माणसाला दुसरं काही करता येतं, हे गावाला जणू माहीतच नव्हतं. सव्वाशे वर्षांपूर्वी डोंगरावरून रूळ खाली उतरवले. त्या उताराच्या पायथ्याशी इंजिनांना पाणी पाजायला आणि माणसांना दम खायला एक ठाणं केलं, त्याचंच पुढे गाव झालं. दगडी शेड, तिच्यामागे वर्कशॉप, आणि वर्कशॉपला लागून एकसारख्या लाल विटांच्या क्वार्टर्सच्या सहा ओळी. घड्याळ ज्याच्या त्याच्या घरी होतं, पण गाव उठायचं आणि जेवायचं ते वर्कशॉपच्या भोंग्यावर.

ही गोष्ट ज्याची आहे तो 'वरच्या केबिनला' असायचा. सांधेवाला, म्हणजे गाडीचा रूळ बदलून देणारा. उंच, काटकुळा, आणि बोलायला इतका कंजूष की गावाने त्याचं नाव 'खांब' पाडलं होतं. शेडमधले लोक म्हणायचे, "सिग्नलचा खांब निदान हात तरी वरखाली करतो." तो ऐकून घ्यायचा. हसायचा नाही आणि रागवायचाही नाही.

त्याचं काम सांगायला सोपं होतं. वरून येणारी मालगाडी जड, उतार उभा. ब्रेक सुटले तर ती थेट स्टेशनात घुसणार. म्हणून उतार संपायच्या आधी रुळाला एक फाटा काढलेला होता. हा फाटा स्टेशनाकडे न जाता बाजूच्या टेकाडावर चढायचा, आणि त्याच्यावर रूळ झाकतील इतकी वाळू पसरलेली असायची. बेफाम सुटलेली गाडी त्यात शिरली की चढ आणि वाळू मिळून तिची रग जिरवायचे. सांधा कायम त्या वाळूच्या फाट्याकडेच लावलेला. वरून आलेल्या गाडीने केबिनसमोर पूर्ण थांबायचं, एक लांब शिट्टी द्यायची, म्हणजे 'ब्रेक माझ्या ताब्यात आहेत, मला घरी सोडा', आणि मगच सांधेवाल्याने दांडा ओढून सांधा स्टेशनाला जाणाऱ्या मोठ्या रुळाकडे फिरवायचा. आधी थांबणं, मग शिट्टी, मग दांडा. केबिनच्या भिंतीवर हे हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं.

त्याचा बाप लाइनवर कामाला होता आणि लाइनवरच गेला. आई त्याच्याही आधी गेली होती. बाप गेला तेव्हा सांधेवाला एकोणीस वर्षांचा आणि बहीण नऊ वर्षांची. रेल्वेने बापाच्या जागी मुलाला घेतलं आणि मुलाने बापाच्या जागी बहिणीला वाढवलं. तिच्या शाळेच्या वेण्या त्यानेच घातल्या; एक वर, एक खाली. ती त्याला 'दादा' म्हणायची आणि तो तिला 'धाकटे'. पुढे त्याचं लग्न झालं, दोन मुली झाल्या, तरी घरात पहिला शब्द धाकटीचाच चालायचा. बायकोला ते खुपायचं. ती बोलून दाखवत नसे. भांडी जरा जोरात ठेवायची, एवढंच.

धाकटीसाठी नवरा त्याने केबिनच्या खिडकीतून निवडला. रोज दहा-बारा गाड्या त्याच्यासमोर थांबायच्या, आणि कोण कसा थांबतो हे त्याला पाठ होतं. कुणी धक्का देत थांबायचा, कुणी कर्कश ब्रेक लावून. एकच ड्रायव्हर असा होता की त्याची चाळीस डब्यांची गाडी मांजर बसावं तशी बसायची. ज्याच्या हाताला इतकी माया आहे त्याला बहीण द्यायला हरकत नाही, असा त्याने हिशेब केला. मुलाचं बोलणं मात्र धबधब्यासारखं. पण म्हटलं, घरात एक तरी बोलणारा हवाच. लग्न झालं आणि तो सगळ्या गावाचा 'दाजी' झाला.

नियम पहिल्यांदा मोडला तो धाकटीच्या दुसऱ्या बाळंतपणाला; थोरला तेव्हा सात वर्षांचा होता. दुपारी खालून स्टेशनातून फोन आला, तिला दवाखान्यात नेलंय, अवघड आहे, दाजी कुठे आहेत? दाजी उतारावर होते. जड गाडी उतारावर एकदा पूर्ण थांबली की ब्रेक पुन्हा सुटेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातात. सांधेवाल्याने वळणावरून गाडी येताना पाहिली. बैलगाडीच्या चालीने येत होती, दाजींची गाडी होती, दाजींचा हात होता. त्याने दांडा ओढला आणि खिडकीतून हिरवा झेंडा हलवला. गाडी न थांबता निघून गेली. वहीत त्याने लिहिलं: 'थांबली. शिट्टी दिली.' मुलगा झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, आणि त्याला वाटलं, आपण पुण्याचंच काम केलं.

पण एकदा चालतं म्हटल्यावर दुसऱ्यांदाही चालतं. वळणावर दाजींनी दोन आखूड आणि एक लांब शिट्टी द्यायची, चाल कमी करायची, आणि याने दांडा ओढायचा. दाजी वेळेवर घरी पोचायचे, धाकटी खूश राहायची. चार वर्षं हे चाललं. घरात हे तिघांनाच माहीत होतं; गाडीवरची माणसं दाजींच्या शब्दाबाहेर नव्हती.

मग तो रविवार आला. दाजींच्या घरी जेवण होतं, शेडमधले दोन-तीन ड्रायव्हर आले होते. दाजी रंगात होते. कुणीतरी नोकऱ्यांचा विषय काढला, तसे ते म्हणाले, "नोकरी असावी तर आमच्या मेहुण्यांसारखी! दांडा ओढला की पगार. माकडाला शिकवलं तर माकडही करील. फक्त त्याला क्वार्टर द्यावं लागणार नाही, ते झाडावर राहील."

सगळे हसले. धाकटीही हसली, तोंडावर पदर धरून. सांधेवाल्याने घास खाली ठेवला.

"दाजी, त्या माकडाच्या हातातच तुमचा जीव असतो," तो म्हणाला, आणि अर्ध्या ताटावरून उठला.

एरवी जो दिवसाला चार वाक्यं बोलत नसे, त्याचं हे वाक्य सगळ्यांच्या नेमकं लक्षात राहिलं.

चौथ्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला, डोंगरावर धुकं उतरलं होतं. रूळ ओले होते. खालच्या स्टेशनातून फोन आला की पॅसेंजर गाडी अजून फलाटावरच उभी आहे, इंजिनात बिघाड आहे, वरून येणाऱ्याला जरा सांभाळून सोडा. सांधेवाल्याने फोन ठेवला आणि वळणावरून शिट्टी आली. दोन आखूड, एक लांब.

तो दांड्यापाशी गेला. दोन्ही हातांनी दांडा धरला. गार होता. धुक्यातून आधी दिवा दिसला, मग इंजिनाचं नाक. नेहमीपेक्षा वेग जास्त आहे असं त्याला वाटलं. थोडाच जास्त, पण जास्त. की धुक्यामुळे तसं वाटतंय? खाली पॅसेंजर उभी आहे. ओढावा की न ओढावा? या सगळ्याला दोन श्वास लागले असतील. त्याने दांडा ओढला नाही.

दाजींना धुक्यात सांधा दिसला तेव्हा फार उशीर झाला होता. मोठा रूळ मोकळा असणार म्हणून ते निर्धास्त आले होते, आणि समोर वाळू. त्यांनी ब्रेक खेचला आणि उडी मारली. न मारते तर कदाचित खरचटण्यावर निभावलं असतं. त्यांचा असिस्टंट आतच राहिला आणि त्याचा फक्त हात मोडला. इंजिन छातीपर्यंत वाळूत रुतलं, मागचे तीन डबे एकमेकांवर चढले, आणि दाजींचा डावा पाय चाकाखाली गेला.

सांधेवाला जिन्याच्या पायऱ्या गाळत खाली धावला. लाल झेंड्याचं कापड फाडून त्याने गुडघ्याच्या वर करकचून बांधलं. दाजी शुद्धीवर होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मेहुणे... सांधा?" एवढंच. प्रश्न होता.

दवाखान्याच्या ओट्यावर धाकटी धावत आली. पायात चपला नव्हत्या.

"दादा, काय झालं रे?"

"गाडी थांबली नाही, धाकटे."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं जसं अनोळखी माणसाकडे बघावं.

"ती कधी थांबायची?" ती म्हणाली.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. महिन्याभराने चौकशी बसली. स्टेशनच्या वरच्या मजल्यावर लांब टेबल, तीन साहेब, एक टाइप करणारा. ब्रेक तपासले होते, शाबूत होते. केबिनची वही उघडून ठेवलेली होती. चार वर्षांच्या पानांवर दाजींची प्रत्येक गाडी 'थांबली, शिट्टी दिली' अशीच होती, सांधेवाल्याच्या नीटस अक्षरात.

मधल्या साहेबांनी विचारलं, "गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तुम्ही कधी सांधा फिरवला होता का?"

दाजी कुबड्या भिंतीला टेकवून बाकावर बसले होते. सांधेवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्याला आपली लाल विटांची दोन खोल्यांची क्वार्टर दिसली, दोन मुली दिसल्या, आदल्या रात्री बायको म्हणाली होती ते आठवलं: "तुम्ही नियमाने वागलात. त्याच्या पलीकडे एक अक्षर बोलू नका. एक घर बसलंय, दुसरं बसवू नका."

"नाही साहेब," तो म्हणाला.

मग दाजींना विचारलं, काही सांगायचंय? धबधब्यासारखा बोलणारा माणूस दोनच वाक्यं बोलला.

"माझी चूक झाली," दाजी म्हणाले. "मी थांबायला हवं होतं."

दाजींना नोकरीवरून काढलं. नियम पायदळी तुडवणाऱ्याला पेन्शन नाही, क्वार्टर नाही. पंधरा दिवसांत धाकटीने सामान बांधलं आणि बर्फाच्या कारखान्यामागे एका खोलीत संसार मांडला. तिथे भिंती बारा महिने ओल्या असायच्या. दाजी दारात बसून स्टोव्ह आणि छत्र्या दुरुस्त करू लागले. धाकटी वर्कशॉपच्या कँटीनमध्ये भांडी घासायला जाऊ लागली. ज्या ड्रायव्हरांच्या बायका तिच्या ओट्यावर बसून गप्पा मारायच्या, त्यांच्याच नवऱ्यांची उष्टी ताटं.

सांधेवाला एकदा पिशवीभर सामान घेऊन गेला. ती दारातच उभी राहिली.

"त्यांनी तुझं नाव घेतलं नाही, दादा," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. पाय गेला तरी घेतलं नाही. तू घेतलंस का स्वतःचं?"

तो पिशवी घेऊन परत आला.

इकडे रेल्वेने त्याचा सत्कार केला. फलाटावर पॅसेंजर उभी होती, तिच्यात तीनशे माणसं होती. दक्ष सांधेवाल्याने मोठा अनर्थ टाळला, असं मोठ्या साहेबांनी भाषणात सांगितलं. प्रशस्तिपत्रक मिळालं, काचेच्या फ्रेममध्ये. बायकोने ते दारासमोरच्या भिंतीवर लावलं. त्याने ते उतरवून कपाटामागे ठेवलं. तिने पुन्हा लावलं. असं चार वेळा झालं आणि मग तो थकला.

गावात दोन तट पडले. एक म्हणायचा, नियम म्हणजे नियम, मेहुणा असो की बाप. दुसरा म्हणायचा, त्या रविवारचं माकड त्याच्या जिव्हारी लागलं होतं, त्याने डाव साधला. दुसऱ्या तटाचं बोलणं त्याच्या कानावर आलं की तो मान खाली घालून पुढे जायचा. त्याला चीड येत नसे, कारण त्यालाच ते खोटं म्हणता येत नव्हतं. ते दोन श्वास तो रोज पुन्हा पुन्हा घ्यायचा. खरंच वेग जास्त वाटला होता? की हात दांड्यावर असताना मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात हसणारी ती पंगत होती? कितीही उकरलं तरी तळ लागत नव्हता. एक मात्र स्वच्छ दिसत होतं. त्या दिवशी त्याने नियम पाळला हा गुन्हा नव्हता. त्याआधी चार वर्षं मोडला, आणि एका माणसाला त्या मोडण्यावर विसंबून राहायला शिकवलं, हा होता.

त्यानंतर वरून येणारी प्रत्येक गाडी तो दगडासारखी थांबवायचा. तरुण ड्रायव्हर त्याला मनातल्या मनात शिव्या द्यायचे.

तिसरं वर्ष निम्मं सरलं. वर्कशॉपमागच्या खोलीत नव्या सांधेवाल्यांचा वर्ग भरायचा. वर्गाच्या मास्तरांनी त्याला बोलावणं धाडलं: अनुभवी माणसाने अनुभव सांगावा, पोरांवर परिणाम होतो. तो गेला. फळ्यावर उताराचं चित्र काढलेलं होतं, खडूने वाळूचा फाटाही दाखवला होता. बाकांवर बारा-तेरा जण. त्याने सुरुवात केली. "गाडी आली. धुकं होतं. मी दांडा ओढला नाही."

मास्तर म्हणाले, "बघा, किती शांत डोक्याने."

मागच्या बाकावर तिशीची एक बाई होती, नवऱ्याच्या जागी लागलेली. तिने विचारलं, "पण काका, ड्रायव्हर थांबला का नाही? त्याला नियम माहीत नव्हता?"

"माहीत होता."

"मग?"

तो फळ्याकडे वळला. खडूचा फाटा बघत राहिला. खोलीत कुणाची तरी वही खाली पडली.

"कारण मी त्याला सवय लावली होती," तो म्हणाला. "चार वर्षं मी न थांबता सोडत होतो. वहीत खोटं लिहीत होतो. तो माझ्या भरवशावर आला."

मास्तर उठून उभे राहिले. "पाणी आणू का तुम्हाला? उन्हातून आलात. चला रे, दहा मिनिटं सुट्टी."

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, मी अर्ज करणार आहे, सगळं खरं लिहून. ती भाजी चिरत होती. विळी बाजूला सारून ती म्हणाली, "आता? वेड लागलंय का तुम्हाला? दोन पोरी आहेत पदरात."

"धाकटीलाही दोन मुलं आहेत."

तिने चिरलेली भाजी पातेल्यात लोटली. मग म्हणाली, "मी तेव्हा तुम्हाला गप्प बसवलं, म्हणून आता माझ्यावर खापर फोडणार ना?"

"नाही. तोंड माझं होतं."

खरं बोलणंही इतकं सोपं नसतं. पहिला अर्ज हेडक्लार्कने वाचला आणि परत केला. "खांबराव, आपल्याच पायावर कुऱ्हाड मारायला निघालात? घरी जा, झोप काढा." दुसरा अर्ज पोस्टाने पाठवला, तो कुठे गेला कुणालाच कळलं नाही. बक्षीस दिलेल्या माणसाकडून बक्षीस परत कसं घ्यायचं, याचा कागदच ऑफिसात नव्हता. पाच महिन्यांनी एक नवीन साहेबबाई आल्या. तो सकाळपासून त्यांच्या दारात उभा राहिला आणि दुपारी आत गेला. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"हे मी पुढे पाठवलं तर तुमचं काय होईल, कल्पना आहे?"

"हो."

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

"भ्यालो."

बाईंनी तो शब्द कागदाच्या कडेला तसाच लिहून घेतला.

निकाल यायला आणखी आठ महिने लागले. दाजींची बडतर्फी रद्द झाली; ती सक्तीची निवृत्ती धरली गेली आणि पेन्शन सुरू झाली. सांधेवाल्याला केबिनवरून उतरवून पार्सलला टाकलं, हमालांत. क्वार्टर सहाव्या ओळीतली मिळाली, नाल्याच्या कडेची, एका खोलीची. प्रशस्तिपत्रक परत न्यायला शिपाई आला. बायकोने भिंतीवरून काढून त्याच्या हातात दिलं. शिपायाने मागचे खिळे उचकटून कागद तेवढा घेतला आणि फ्रेम परत दिली.

"फ्रेम तुमची," तो म्हणाला. "रजिस्टरला फक्त कागदाची नोंद आहे."

बायको खूप दिवसांनी हसली, आणि मग हसता हसता रडायला लागली.

पेन्शनचं पत्र आल्याचं कळलं तसा तो बर्फाच्या कारखान्यामागे गेला. धाकटी दारात बसून तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"कळलं मला," ती म्हणाली.

"धाकटे, मी..."

"थोरला शाळा सोडून गॅरेजला लागला, दादा. तिसरं वर्ष आहे त्याचं. ते पत्र दाखवून त्याला परत वर्गात बसवता येईल का?"

ती सूप उचलून आत गेली. तो बाहेर उभा राहिला. ती बाहेर आली नाही.

दाजी मात्र आले. आठवड्याभराने, दुपारच्या सुस्त वेळी, कुबडी टेकत पार्सलच्या शेडमध्ये. सांधेवाला पेटाऱ्यांची थप्पी लावत होता. दाजी जमिनीतल्या मोठ्या वजनकाट्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "बघा बरं मेहुणे किती भरतो. एक पाय वजा धरा."

सांधेवाल्याला हसू आलं नाही. दाजी एका पेटाऱ्यावर टेकले.

"मला तुमच्याकडून एकच ऐकायचंय," ते म्हणाले. आवाज बदलला होता. "त्या दिवशी रागावर होतात का? त्या माकडाच्या बोलण्याचा?"

सांधेवाला त्यांच्या समोर जमिनीवरच बसला.

"माहीत नाही, दाजी. देवाशपथ. रोज विचारतो स्वतःला. वेग जास्त वाटला, हे खरं. राग होता, हेही खरं. हात कशामुळे थांबला, ते कळत नाही."

दाजींनी कुबडीच्या टोकाने फरशीवरची धूळ इकडून तिकडे केली.

"रूळ ओले होते," ते सावकाश म्हणाले. "वळणावर चाकं घसरली होती जराशी. मी ताब्यात घेतली, असं मला वाटलं. पण घेतली होती का? मलाही माहीत नाही. तुम्ही सोडलं असतंत तर कदाचित मी घरी जाऊन चहा प्यालो असतो. कदाचित त्या पॅसेंजरमध्ये घुसलो असतो." मग ते म्हणाले, "तिला हे सांगितलं मी. ती म्हणते, तुमचं तुम्ही बघा, माझं मी बघीन."

त्यानंतर दाजी अधूनमधून पार्सलला येऊन बसायचे. पूर्वीसारखं फार बोलायचे नाहीत. ज्या दिवशी दोघंही गप्प असायचे त्या दिवशी हमाल म्हणायचे, आता गावात दोन खांब झाले.

सात वर्षांनी दाजी छातीच्या दुखण्याने गेले. त्या ओल्या भिंतींनीच त्यांना खाल्लं, असं डॉक्टर म्हणाले. सांधेवाल्याने खांदा दिला. धाकटीने त्याला अडवलं नाही, पण त्याच्याकडे बघितलंही नाही. मुलं मोठी होऊन दुसऱ्या गावी कामाला लागली. ती मात्र तिथेच राहिली, त्याच खोलीत, एकटी.

मग डोंगरातून बोगदा झाला. नवे रूळ लांबून, सपाटीवरून गेले. उतारावरची शेवटची गाडी गेली आणि शेडला कुलूप लागलं. काही वर्षं गाव नुसतंच पडून होतं. मग कुणाला तरी आठवलं की ही जुनी रेल्वे बघायला माणसं येतील. शेड रंगवली, एक इंजिन धुऊनपुसून उभं केलं, क्वार्टर्सच्या पहिल्या ओळीत पाहुण्यांच्या खोल्या झाल्या. वरच्या केबिनलाही रंग लागला आणि वाळूच्या फाट्यापाशी एक फलक आला. त्यावर लिहिलं होतं की इथे एका दक्ष सांधेवाल्याने तीनशे प्रवाशांचे प्राण वाचवले.

सांधेवाला तोवर निवृत्त झाला होता. त्याच्या पाठीला बाक आला होता, बायको वारली होती, मुली आपापल्या घरी होत्या. तो फलक वाचून तो ऑफिसात गेला. टेबलामागच्या तरुण माणसाला त्याने सांगितलं, "ते खोटं आहे. तो मीच." त्या तरुणाने अदबीने ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि म्हणाला, "आजोबा, सरकारी फलक आहे. बदलायचा तर वर लिहावं लागेल." सांधेवाल्याने लिहिलं. फलक तसाच राहिला.

तिथून तो सरळ बर्फाच्या कारखान्यामागे गेला. का गेला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. कारखाना कधीच बंद पडला होता. धाकटी आतून दार ओढत होती; पावसाळी हवेने लाकूड फुगलं होतं आणि दार अर्ध्यावर अडकलं होतं. केस सगळे पांढरे झाले होते. त्याने बाहेरून खांदा लावला तेव्हा दार उघडलं आणि दोघं समोरासमोर आले.

"वर फलक लावलाय," तो म्हणाला. "माझ्यावर. खोटा. काढा म्हटलं, काढत नाहीत."

"ऐकलंय मी," ती म्हणाली. "असू दे. येणारे फोटो काढतात आणि जातात. मला माहीत आहे, तुला माहीत आहे." मग दाराकडे बोट दाखवून म्हणाली, "हे चार दिवस झाले लागत नाही. रात्री दगड लावून झोपते."

तो घरी जाऊन बापाचा जुना रंधा घेऊन आला. दोघांनी मिळून दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, ओट्यावर आडवं टाकलं. तो रंधा मारत होता आणि ती दुसरं टोक दाबून धरत होती. लाकडाचे ओले कुरळे तुकडे तिच्या पायावर पडत होते.

"नीट धर," तो म्हणाला.

"धरलंय. तूच वाकडा मारतोयस. माझ्या वेण्यासुद्धा वाकड्याच घालायचास."

तो थांबला. तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. त्याने पुन्हा रंधा ओढला. तीसेक वर्षांत ती त्याच्याशी एवढं बोलली नव्हती. दार बसवायला अंधार पडला. तरी खालच्या बाजूला किंचित घासत होतंच.

"उद्या येऊन काढतो ते," तो म्हणाला आणि रंधा फडक्यात गुंडाळायला लागला.

"तो इथेच ठेव," धाकटी म्हणाली. "घेऊन कुठे फिरतोस? पाऊस अजून महिनाभर आहे. परत फुगेल."

त्याने रंधा तिच्या कोनाड्यात ठेवला आणि ओट्याच्या पायऱ्या जपून उतरला.